न उघडलेल्या फाईलचं काय करायचं?

मी भिलाईहून बोलतोय. महाराष्ट्राबाहेरच्या श्रोत्यांना भिलाई पोलादाच्या कारखान्यामुळे माहीत असते. विदर्भातल्या मंडळींना ती त्याहून जवळची. नागपूरहून हावड्याच्या गाडीत बसलं की गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग आणि मग आमची भिलाई. माझे वडील गोंदियाकडून याच गाडीनं नोकरीसाठी इथे आले आणि इथलेच झाले. मी संगणकावरच्या साठवणीचं काम करतो. म्हणजे एखाद्या संस्थेच्या सगळ्या फायली कुठल्या यंत्रावर, कुठल्या डिस्कवर आणि किती दिवस राहतील हे ठरवायचं. ऐकायला रटाळ वाटेल, पण आज या रटाळ कामाचा इतिहास सांगणार आहे. कारण २०१९ मध्ये या कामानं मला एकदा घाम फोडला होता.

एका संस्थेत मी हे काम बघत होतो. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. एक दिवस साठीच्या एक बाई आल्या. भंडाऱ्याकडचं माहेर, नवरा त्या संस्थेतून निवृत्त होऊन वारलेला. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदांत त्यांचं नाव माहेरचं पडलं होतं, बँकेत सासरचं. दोन्ही नावं एकाच बाईची, हे दाखवणारा एकच कागद होता: नवऱ्याच्या सर्व्हिस बुकातलं वारसनोंदीचं पान. मूळ सर्व्हिस बुक पावसात भिजून गेलं होतं. स्कॅन होतं, २०१२ मधलं. संगणकावर फाईलचं नाव दिसत होतं. क्लिक केलं की नुसतं चक्र फिरायचं, फाईल उघडायची नाही.

त्या बाई म्हणाल्या, "भाऊ, कागद आहे का नाही, तेवढं सांगून द्या. नाही तर मी पुन्हा पुन्हा भाडं खर्च करून येत नाही."

फाईल का उघडत नव्हती, हे मला माहीत होतं. तो नियम मीच लिहिला होता. सहा महिने कोणी उघडली नाही तर फाईल महागड्या डिस्कवरून स्वस्त डिस्कवर. तीन वर्षं कोणी उघडली नाही तर टेपवर. सात वर्षं कोणी उघडली नाही तर काढून टाका. हे सर्व्हिस बुक स्कॅन झाल्यापासून कोणीच उघडलं नव्हतं. सात वर्षं भरायला एकोणीस दिवस बाकी होते.

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी प्रश्न नीट मांडू. जे वापरात नाही ते दूर ठेवावं, हे आपण सगळेच करतो. पोळ्यांचा डबा ओट्यावर असतो आणि पुरणयंत्र माळ्यावर. ओट्यावर जागा कमी म्हणून रोज लागेल तेच हाताशी. पण पुरणयंत्र वर्षभर काढलं नाही म्हणून कोणी भंगारात देत नाही. होळी येणारच असते. जवळ की दूर हा एक प्रश्न, ठेवायचं की टाकायचं हा दुसरा. माझ्या नियमात या दोन प्रश्नांची मोट एकाच दोरीनं बांधली होती. ही चूक माझी एकट्याची नव्हे, पण ती करायला इतका काळ का लागला, ते बघण्यासारखं आहे. कारण आपल्याकडचे जुने कारकून हे दोन प्रश्न वेगळे ठेवत होते.

चला पुण्याला. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि पेशव्यांच्या दफ्तराचे ढीग इंग्रजांच्या ताब्यात गेले. मोडी लिपीतले हिशेब, पत्रं, सनदा, सगळं रुमालात बांधलेलं. रुमाल म्हणजे कागद गुंडाळायचं मोठं फडकं, आणि त्यावरून त्या गठ्ठ्यालाही रुमालच म्हणतात. इंग्रजांनी हे कागद का सांभाळले? इतिहासाच्या प्रेमानं नव्हे. कुणाचं इनाम खरं, कुणाचं खोटं, कुणाला सारा माफ, हे ठरवायला ते कागद लागत होते. १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशनला बळ मिळालं आणि काही वर्षं हे रुमाल सतत उघडले जात होते. आमच्या भाषेत बोलायचं तर तो डेटा तेव्हा गरम होता.

मग चौकशा संपत आल्या आणि दफ्तर थंड झालं. १८९१ मध्ये पुण्यात त्यासाठी दगडी इमारत उभी राहिली, आणि कोट्यवधी कागद तिथे बंद होऊन पडले. अभ्यासकांना सहज प्रवेश नव्हता. तेव्हा माझ्यासारखा कोणी तिथे बसला असता आणि शेवटचा वापर कधी झाला याची यादी काढून त्यानं रुमाल जाळायचे ठरवले असते, तर त्याच्या हिशेबात चूक दाखवता आली नसती. खरंच कोणी उघडत नव्हतं.

आणि मग गोविंद सखाराम सरदेसाई आले. बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले. त्यांनी सहकाऱ्यांना घेऊन हे रुमाल सोडले, वाचले, निवडले. १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड छापले गेले. आज अठराव्या शतकावर लिहिणारा माणूस त्या खंडांना वळसा घालून जाऊ शकत नाही. अनेक दशकं थंड पडलेला डेटा पुन्हा गरम झाला, आणि पहिल्यापेक्षा वेगळ्याच कारणासाठी. इनामाची चौकशी करणाऱ्या साहेबाला हे कारण सुचलंही नसतं.

हे मी भिलाईत बसून सांगतोय, त्यालाही कारण आहे. आमचा हा मुलूख १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा होता. १७४१ मध्ये भोसल्यांची फौज रतनपूरला आली, १७५८ पासून बिंबाजी भोसले तिथे राहून कारभार बघत होते. म्हणजे छत्तीसगडचा एक मोठा काळ समजून घ्यायचा तर मोडी कागदांकडे जावं लागतं. ते कागद त्या काळी फक्त वापरापुरते ठेवले असते, तर आमच्या भागाच्या इतिहासात भोकं पडली असती.

दफ्तर जपलं गेलं हा थोडा नशिबाचा भाग. पण नशिबावर सरकारी कचेरी चालत नाही, तिथे पद्धत लागते. महाराष्ट्रातल्या महसूल खात्यात काम केलेल्या माणसाला विचारा, तो झोपेतसुद्धा सांगेल: अ, ब, क, ड. प्रकरण संपलं की त्यावर वर्ग लिहायचा. अ म्हणजे कायम ठेवायचं. ब म्हणजे तीस वर्षं. क म्हणजे दहा किंवा पाच. ड म्हणजे साधारण वर्षभरानं नष्ट करायचं. आता गंमत बघा, यात फाईल कितीदा उघडली हे कुठेच विचारलेलं नाही. कागद कसला आहे एवढंच विचारलंय. जमिनीच्या हक्काचा कागद पन्नास वर्षं कोणी बघितला नाही तरी तो अ. रजेचा अर्ज दहा वेळा चाळला गेला तरी तो ड. आणि हा वर्ग ठरवायचा ते प्रकरण हाताळलेल्या माणसानं, कारण आत काय आहे हे त्यालाच माहीत असतं.

मग वापराचा विचार कचेरीत कुठे आला? टेबलावर. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना अहमदनगरचे जिल्हाधिकारी होते. कचेरीत कागदांचे डोंगर होते आणि एक फाईल शोधायला दिवस जायचे. त्यांनी बसवलेली घडी पुढे लखिना पॅटर्न म्हणून गाजली. त्याच्याशी जोडलेली सहा गठ्ठ्यांची पद्धत अजूनही कारकुनांना शिकवतात: हातात असलेली प्रलंबित प्रकरणं, दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघणारी प्रकरणं, ठरावीक मुदतीनं पाठवायची नियतकालिकं, कायम लागणारे स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद, आणि नष्ट करायचे ड कागद.

नीट बघा. टेबलावर काय आणि अभिलेख कक्षात काय, हे चालू कामावर ठरलं. नष्ट काय करायचं, हे मात्र वर्गावरच ठरलं. दोन प्रश्न, दोन वेगळ्या पट्ट्या. कारकुनाला हे कोणी तत्त्वज्ञान म्हणून शिकवलं नव्हतं. चुकीचा कागद जाळला तर नोकरी जाते, एवढं त्याला ठाऊक होतं.

आता संगणकाकडे येऊ. संगणकाच्या पोटातही पहिल्यापासून ओटा आणि माळा आहेत. वेगवान स्मृती महाग म्हणून थोडी, संथ साठवण स्वस्त म्हणून भरपूर. १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये मँचेस्टरला अ‍ॅटलस नावाचा संगणक चालू झाला. टॉम किलबर्न आणि त्यांचे सहकारी त्यामागे होते. त्यात वेगवान स्मृती होती आणि तिच्या सहापट मोठा, फिरणारा चुंबकीय ड्रम होता. ओट्यावर जागा हवी असली की कुठलं पान ड्रमवर टाकायचं, हे ठरवायला त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो पानांच्या वापराची नोंद ठेवायचा आणि ज्या पानाची इतक्यात गरज पडणार नाही असं वाटेल, ते हलवायचा. वापर बघून जागा ठरवणारा यंत्रातला हा फार जुना कारकून. आणि लक्षात घ्या, तो पान हलवत होता, नष्ट करत नव्हता.

फायलींच्या पातळीवर हेच व्हायला आणखी काही वर्षं लागली. १९५६ मध्ये आयबीएमनं रॅमॅक ही पहिली विक्रीयोग्य डिस्क आणली होती. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, आणि सगळ्यांवर मिळून ५० लाख अक्षरं. आज मोबाइलवरच्या एका फोटोला तेवढी जागा लागते. डिस्क महाग, टेप स्वस्त. मग बँका आणि सरकारं टेपचे ढीग रचू लागली आणि टेप शोधून लावायला माणसं ठेवावी लागली. १९७४ मध्ये आयबीएमनं ३८५० नावाचं यंत्र जाहीर केलं. मधमाशीच्या पोळ्यासारखे खण, प्रत्येक खणात मुठीएवढी टेपची नळी, एका नळीत ५० मेगाबाइट. यांत्रिक हात नळी काढायचा आणि तिच्यातला मजकूर डिस्कवर उतरवायचा. वापर थांबला की मजकूर परत पोळ्यात. १९७८ मध्ये हेच काम आपोआप करणारा प्रोग्राम त्यांनी बाजारात आणला. किती दिवस हात लागला नाही ते बघ आणि फाईल खाली ढकल. कोणी मागितली की वर आण.

मी केलं ते याच घराण्यातलं. फरक एवढाच की आता एक यंत्र नसतं. एका संस्थेच्या दहा कचेऱ्या, प्रत्येकीत आपापला सर्व्हर, सगळे नेटवर्कनं जोडलेले. वापरणाऱ्याला एकच फोल्डर दिसतं. मागे फाईल दुर्गला आहे, रायपूरला आहे की कपाटातल्या टेपवर, हे त्याला कळत नाही. कारण फाईल हलवताना जुन्या जागी एक छोटी खूण ठेवलेली असते. नाव तेच, आकार तोच, आत फक्त नवा पत्ता. खुणेवर क्लिक केलं की खरी फाईल शोधून आणली जाते. त्या बाईंच्या फाईलची खूण जागेवर होती. पण तिचा पत्ता ज्या टेपचा होता, ती टेप यंत्रातून काढून लोखंडी कपाटात ठेवली होती. म्हणून चक्र फिरत होतं.

वापराचा नियम मोहात का पाडतो, तेही सांगतो. तो पैशाच्या भाषेत बोलतो. १९८७ मध्ये जिम ग्रे आणि फ्रँको पुट्झोलू यांनी एक हिशेब मांडला. त्या वेळच्या किमती धरल्या तर जो मजकूर दर पाच मिनिटांत एकदा तरी लागतो, तो वेगवान स्मृतीत ठेवणं परवडतं. त्याहून कमी लागणारा डिस्कवर बरा. याला पाच मिनिटांचा नियम म्हणतात. अतिशय सुंदर हिशेब. पण तो फक्त कुठे ठेवायचं याचा आहे. ठेवायचं की नाही, यावर त्यात एक अक्षर नाही. आम्ही पुढच्या लोकांनी मात्र त्याच पट्टीवर तिसरी रेघ मारली: पाच मिनिटं, सहा महिने, सात वर्षं, कचरा.

बरं, शेवटचा वापर कधी झाला, हे संगणक तरी नीट सांगतो का? इथे आणखी एक मेख आहे. फाईल वाचली की वाचल्याची वेळ लिहायची, ही युनिक्सची जुनी रीत. पण म्हणजे प्रत्येक वाचनामागे एक लेखन आलं, आणि यंत्र संथ झालं. म्हणून विंडोज व्हिस्टामध्ये ही नोंद मुळातच बंद करून दिलेली होती. लिनक्सनं २००९ मध्ये मधला मार्ग काढला: प्रत्येक वाचनाची नोंद न करता साधारणपणे दिवसातून एकदा करायची. काही ठिकाणी वेग वाढावा म्हणून व्यवस्थापक ती पूर्ण बंद करतात. तिथे रोज उघडली जाणारी फाईलही वर्षानुवर्षं पडून असलेली दिसते. उलटही होतं. व्हायरस शोधणारा प्रोग्राम रात्री सगळ्या फायली चाळतो, आणि सकाळी सगळ्याच कालच वापरल्यासारख्या दिसतात. म्हणजे ज्या साक्षीदाराच्या भरवशावर आपण फाशी देणार, तो साक्षीदारच कधी झोपलेला तर कधी बडबडा.

आज हे सगळं भाड्याच्या जागेत गेलंय. २०१२ मध्ये अ‍ॅमेझॉननं ग्लेशियर नावाची साठवण आणली. ठेवायला अतिशय स्वस्त, पण परत मागितलेली फाईल मिळायला तेव्हा तीन ते पाच तास लागायचे. २०१८ मध्ये त्यांनीच आणखी एक सोय दिली: ३० दिवस हात न लागलेली फाईल आपोआप स्वस्त खणात. चांगलीच सोय आहे, मी स्वतः अशा सोयी वापरतो. दूर ठेवण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच पडद्यावर, त्याच यादीत, हलवा आणि काढून टाका ही दोन बटणं शेजारी शेजारी असतात. हात सहज घसरतो.

भिलाईत राहून मला हे फार आधी कळायला हवं होतं. इथला कारखाना २ फेब्रुवारी १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. देशभरचे रेल्वे रूळ अनेक दशकं प्रामुख्यानं इथून गेले. कधी स्टेशनवर उभे असाल तर रुळाच्या बाजूला बघा. कारखाना, रुळाचा प्रकार, महिना आणि वर्ष त्या पोलादावरच उठवलेलं असतं. त्याशिवाय तो रूळ कुठल्या ओतीतला, याचाही क्रमांक ठोकलेला असतो. हे रोज कोण वाचतं? कोणीच नाही. गाड्या वर्षानुवर्षं त्यावरून धडधडत जातात. पण ज्या दिवशी रुळाला तडा जातो, त्या दिवशी पहिली नजर त्या आकड्यांवर जाते. याच ओतीतले बाकीचे रूळ कुठे आहेत, हा प्रश्न त्या दिवशी हजारो प्रवाशांच्या जिवाचा होतो. वापर शून्य, किंमत मोजता न येणारी.

आपल्या देशाच्या कायद्यालाही हे समजलेलं आहे. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ हा केंद्र सरकारच्या आणि सार्वजनिक उपक्रमांच्या कागदांना लागू आहे. ठरवून दिलेल्या पद्धतीखेरीज कुठलाही सार्वजनिक अभिलेख नष्ट करता येत नाही, असं तो सांगतो. आणि १८९२ पूर्वीचा कागद तर, तो वापरण्यापलीकडे खराब झालेला असल्याखेरीज, नष्ट करायचाच नाही. किती जणांनी उघडला, हा प्रश्न त्यातही नाही.

आता त्या बाईंकडे येऊ. मी त्यांना म्हटलं, "मावशी, कागद आहे. आज देता येणार नाही, पण आहे." मग कपाटातली टेप शोधली. चिठ्ठी पुसट झाली होती, दोन टेपा चुकीच्या निघाल्या. तिसऱ्या दिवशी फाईल वर आली. वारसनोंदीच्या पानावर दोन्ही नावं होती, माहेरचं आणि सासरचं, आणि खाली नवऱ्याची सही. पान छापून दिलं. त्यांनी ते दुमडलं नाही, साडीच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीत सपाट ठेवलं आणि छातीशी धरून गेल्या. माझ्या नियमाबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हतं. आभार मानले, तेव्हा मला मान वर करता आली नाही.

त्या संध्याकाळी मी नियमातली तिसरी ओळ काढली. आता माझ्याकडे दोन याद्या असतात. पहिली यंत्र चालवतं: जवळ की दूर, ते वापर बघून. दुसरी माणसं चालवतात: फाईल तयार होतानाच ज्या विभागाची ती आहे, त्यानं तिच्यावर वर्ग लिहायचा. सरळ अ, ब, क, ड. वर्ग लिहिलेला नसेल तर ती दूर जाऊ शकते, नष्ट होऊ शकत नाही. मुदत संपली तरी यंत्र फक्त यादी काढतं, त्यावर दोन माणसांच्या सह्या लागतात. साठवणीचा खर्च थोडा वाढला. वरिष्ठांनी विचारलं तेव्हा मी एकोणीस दिवसांची गोष्ट सांगितली, आणि त्यांनी सही केली.

तुम्ही कुठल्या कचेरीत, शाळेत, सोसायटीत, पतपेढीत काम करत असाल आणि तिथे जागा भरली म्हणून जुन्या फायली काढायची वेळ आली, तर एवढंच करा. आधी यादी दोन भागांत फाडा. माळ्यावर काय जाईल ते यंत्राला विचारा. भंगारात काय जाईल ते त्या कागदामुळे ज्याचं काही अडणार आहे, त्याची आठवण ठेवून ठरवा. तो माणूस अजून दारात आलेला नसतो, म्हणूनच तर फाईल उघडलेली नसते.